गॅस, डिझेल आणि बारावं दार

"गाडीचं माझ्यावर सोड," असं मी बायकोला म्हणालो तेव्हा मी पूर्ण शुद्धीवर होतो. हे मुद्दाम सांगतो, कारण माझ्या मेहुण्याने नातेवाइकांत नंतर वेगळंच पसरवलं. ताप नव्हता, झोपेत नव्हतो, कुणी गळ घातली नव्हती. मी खुर्चीत बसून शेंगा सोलत होतो, आणि आपल्या तोंडून असं वाक्य गेलं याचा मला स्वतःलाच पुढे दोन शेंगा होईपर्यंत पत्ता नव्हता.

बायकोची लाँड्री आहे. इमारतीच्या मागच्या गाळ्यात दोन मोठी मशिनं, एक लांबलचक इस्त्रीचं टेबल आणि भिंतीला लागून ठेवलेल्या टोपल्या. नऊ वर्षं ती लोकांचे शर्ट आणि हॉटेलांचे टेबलक्लॉथ धुते आहे. त्या महिन्यात तिला मोठ्या हॉस्पिटलचं काम मिळालं. रोजच्या दोनशे चादरी. मेट्रनबाईंनी अट घातली होती की गाडी स्वतःची हवी, आणि एक तारखेपासून रोज सकाळी सातच्या आत चादरी वॉर्डात पोचायला हव्यात. एक दिवस चुकला तर काम दुसऱ्याकडे. या कामासाठी बायकोने चार वर्षं हॉस्पिटलच्या पायऱ्या झिजवल्या होत्या. ज्या दिवशी होकार आला त्या दिवशी ती घरी येऊन पाच मिनिटं पंख्याखाली नुसती बसून राहिली, आणि मग हसली. मी ते हसू बघितलं आणि शेंगा सोलता सोलता ते वाक्य बोलून गेलो.

"नक्की?" तिने विचारलं. "गॅसवरची घ्यायची की डिझेलची, कुठली, कशी, सगळं तुम्हीच बघाल?"

"अगं, त्यात काय एवढं," मी म्हणालो.

त्यात काय एवढं ते आता सांगतो.

मी सव्वीस वर्षं विमा कंपनीच्या दावे खात्यात काम केलं. लोकांच्या घरांत, दुकानांत, गाड्यांत जे जे काय बिघडलं, पडलं, पेटलं आणि फुटलं, ते सगळं तिथे कागदावर येऊन माझ्या टेबलावर बसायचं. लोक खुर्चीकडे बघतात तेव्हा त्यांना खुर्ची दिसते, मला फाइल दिसते. बरणीत हात अडकलेल्या एका गृहस्थांचं प्रकरण मी अठरा महिने चालवलं आहे, आणि तेव्हापासून आमच्या घरात लोणचं चमच्यानेच काढतात. आमच्या फॉर्मवरचा पहिला प्रश्न होता, 'घटनेच्या वेळी आपण काय करत होता?' त्याला सगळ्यात जास्त वेळा आलेलं उत्तर 'काही नाही' हे होतं. सव्वीस वर्षं हे उत्तर वाचलेल्या माणसाला काही न करण्याचीसुद्धा भीती वाटायला लागते.

तर मी एक वही घेतली. मधोमध रेघ मारली. डावीकडे गॅस, उजवीकडे डिझेल. दोन्हीकडे फक्त धोके लिहायचे असं ठरवलं, कारण फायदे सांगायला शोरूममध्ये पगारी माणसं असतात.

शोरूममधली बाई अतिशय शांत स्वभावाची होती. तिने मला पाणी दिलं, पंखा माझ्याकडे वळवला आणि सांगितलं की गॅसची गाडी रोजच्या फेऱ्यांना परवडते, धूर नाही, आवाज कमी. डिझेलची ओढ जास्त, ओझं घेऊन चढावर दमत नाही.

"गॅसची टाकी कुठे असते?" मी विचारलं.

"मागच्या हौद्याखाली, साहेब."

"म्हणजे माझ्या पाठीशी."

"थोडी मागे आणि थोडी खाली."

"फुटते का?"

"आजपर्यंत आमच्याकडे तशी एकही तक्रार आलेली नाही."

तक्रार करायला कोण उरणार, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, पण तिने पंखा वळवला होता म्हणून मी गप्प बसलो. डाव्या रकान्यात पहिली नोंद केली: 'टाकी. पाठीशी.' घरी येताना बसमध्ये माझ्या पाठीमागे काय आहे हे मी चार वेळा वळून बघितलं. तिथे एक आजोबा बसले होते. चौथ्या वेळी ते उठून दुसरीकडे जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी मेहुणा आला. माझा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, फरशा वाहतो. त्याच्याकडे चौदा वर्षांची डिझेलची पिकअप आहे आणि डिझेलविषयी त्याला जे वाटतं ते लोकांना आपल्या आईविषयी वाटत असावं.

"भाऊजी, वही कसली घेऊन बसलात?" तो म्हणाला. "डिझेल म्हणजे डिझेल. तुम्ही गॅसवर दोनशे ओल्या चादरी घेऊन त्या हॉस्पिटलचा चढ चढून दाखवा, मी माझी मिशी काढतो."

"चादरी ओल्या नसतात रे," बायको आतून म्हणाली. "धुऊन, वाळवून, इस्त्री करून जातात."

"ताई, उदाहरण देतोय मी."

हॉस्पिटलच्या मागच्या बाजूला सामान उतरवायचा जो चढ आहे तो खरंच उभा आहे. मी जाऊन बघून आलो. चढाच्या तळाशी भिंत आहे, आणि भिंतीपलीकडे अपघात विभाग. म्हणजे गाडी मागे घरंगळलीच तर सोय चांगली होती, पण मला ती सोय नको होती. मी डाव्या रकान्यात लिहिलं: 'चढ. दमणे. घरंगळणे.'

मग मेहुण्याच्या गाडीतून चाचणी घ्यायचं ठरलं. बायकोने वीस धुतलेल्या चादरी दिल्या, आम्ही त्या मागच्या उघड्या हौद्यात नीट रचून दोरीने बांधल्या. मी मेहुण्याशेजारी बसलो. गाडी सुरू झाली तेव्हा माझे दात एकमेकांवर आपटायला लागले. आधी वाटलं भीतीने, मग लक्षात आलं की मेहुण्याचेही आपटत होते. चढ मात्र गाडी अशी चढली की मला उजव्या रकान्यात लिहायला काही सापडेना. मी अस्वस्थ झालो. धोका सापडत नाही म्हणजे तो मोठा आहे, असा माझा नोकरीतला अनुभव होता.

तो गाळ्यात परत आल्यावर सापडला. बायकोने वरची चादर उचलली आणि खिडकीच्या उजेडाकडे धरली. सगळ्या चादरीवर बारीक काळे कण होते. रस्त्याने अरुंद गल्लीत आम्ही दोनदा थांबलो होतो, तेवढ्या वेळात सगळा धूर मागे येऊन बसला होता. वीसच्या वीस चादरी बायकोने परत मशीनमध्ये टाकल्या.

"ही गाडी चौदा वर्षांची आहे, भाऊजी," मेहुणा हळू आवाजात म्हणाला. "नवीन डिझेलला असा धूर नसतो. आणि वरून ताडपत्री टाकता येते."

मी दोन्ही गोष्टी लिहिल्या. धूर मोठ्या अक्षरात, ताडपत्री बारीक.

आता यात एक गोष्ट कुणाच्या लक्षात आली नव्हती, ती आमच्या इमारतीच्या सेक्रेटरींच्या आली. सेक्रेटरी म्हणजे तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर. त्यांना भेटायचं तर दवाखान्यातच भेटावं लागतं, आणि दवाखान्यात बसायला एकच खुर्ची आहे. मी जाऊन बसलो आणि म्हणालो की गाडी ठेवायची परवानगी हवी आहे.

"आ करा," डॉक्टर म्हणाले.

"दात नाही दाखवायचे, परवानगी..."

"हो, हो. आ करा. आलाच आहात तर." त्यांनी आरसा तोंडात घातला. "डिझेलची असेल तर हरकत नाही. गॅसची असेल तर इमारतीखाली ठेवायला अग्निशमन दलाचं पत्र लागेल. नियमच आहे. एका बैठकीत तुम्हीच मांडला होता."

तोंडात आरसा असल्यामुळे मला हे नाकारता आलं नाही. पण ते खरं होतं. दोन वर्षांपूर्वी मी आमच्या इमारतीच्या सुरक्षिततेचे एकोणतीस नियम लिहून दिले होते आणि तिथे कुणी वाचायला बसलं नव्हतं म्हणून ते सगळेच्या सगळे मंजूर झाले होते.

"डावीकडची दाढ किडली आहे," डॉक्टर म्हणाले. "फार घाबरता का हो तुम्ही? रात्री दात खाता, दिसतंय इथे."

अग्निशमन दलाच्या खिडकीवरच्या साहेबांनी माझा अर्ज दोनदा वाचला. मग चष्मा काढला.

"गॅस गळतो आहे का?"

"नाही, गाडीच अजून घेतलेली नाही."

"मग आम्ही काय तपासायचं? गळती झाली की फोन करा, आम्ही येऊ, तपासू, पत्र देऊ. न गळणाऱ्या गॅसचं पत्र आमच्याकडे नाही."

"पण पत्राशिवाय गाडी ठेवता येत नाही."

"मग डिझेलची घ्या," साहेब म्हणाले आणि त्यांनी खिडकी लावून घेतली. जेवायची वेळ झाली होती, हे मला मान्य आहे.

असे दिवस चालले होते. महिन्याच्या पंचवीस तारखेपर्यंत माझ्या वहीत डावीकडे त्रेचाळीस धोके होते आणि उजवीकडे एक्केचाळीस. शोरूमच्या बाईने सांगितलं होतं की सव्वीसपर्यंत ठरवलं तरच नोंदणी होऊन गाडी एक तारखेला हातात येईल. बायको रोज संध्याकाळी विचारायची, "ठरलं?" मी म्हणायचो, "ठरत आलंय." आधी ती यावर हसायची. नंतर नुसती मान हलवायची. नंतर तिने विचारायचंच बंद केलं, आणि मी न विचारताच 'ठरत आलंय' म्हणायला लागलो.

खरं सांगायचं तर मला गॅसची भीती नव्हती आणि डिझेलचीही नव्हती. म्हणजे होती, पण ती वरवरची. खालची भीती वेगळी होती. आयुष्यात आजवर जे काही ठरलं ते साहेबांनी ठरवलं, नियमाने ठरवलं किंवा बायकोने ठरवलं. काही चुकलं तर दोष देण्यासाठी तिथे नेहमी कुणीतरी असायचं. या वेळी मी एकटाच असणार होतो, आणि चुकलं तर तिची चार वर्षं फुकट जाणार होती.

पंचवीस तारखेला शोरूमच्या बाईने माझी दया येऊन गॅसची पिकअप एका दिवसासाठी चाचणीला दिली. पांढरी, नवीकोरी. मी ती दहाच्या वेगाने घरी आणली. वाटेत एका सायकलवाल्याने मला मागे टाकलं आणि मागे वळून काळजीने बघितलं. सेक्रेटरींकडून एका रात्रीपुरती तोंडी परवानगी घेऊन गाडी इमारतीखाली उभी केली आणि गॅलरीतून तिच्यावर नजर ठेवून बसलो. ती नुसती उभी होती. मला त्याचाच संशय येत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मी चहा ठेवायला स्वयंपाकघरात गेलो. बायको अंघोळीला गेली होती. पातेल्यात पाणी घातलं, शेगडीचं बटण फिरवलं, लायटर उचलला, आणि तेवढ्यात खालून 'टक' असा आवाज आला. गाडीचा असणार. मी लायटर तसाच ठेवून गॅलरीत धावलो. खाली काही दिसेना. मी तिथेच वाकून पाच-सात मिनिटं गाडीकडे बघत राहिलो. मग समाधान होईना म्हणून चप्पल घालून जिन्याकडे गेलो. दार उघडून बाहेर पडलो आणि मला वास आला. गॅसचा, स्पष्ट.

माझी पाचावर धारण बसली. तरीही मी शास्त्रशुद्ध विचार केला, हे नोंदवून ठेवतो. मी जसजसा खाली उतरत गेलो तसतसा वास कमी होत गेला. दुसऱ्या एखाद्या माणसाने यातून वेगळा अर्थ काढला असता. पण माझ्या वहीत सतराव्या क्रमांकाला लिहिलेलं होतं की गाडीतला गॅस हवेपेक्षा हलका असतो आणि वर चढतो. खाली गळतोय, वर जमतोय. सगळं तंतोतंत जुळत होतं.

मी तळमजल्यावरच्या दोन घरांपासून सुरुवात केली. दारं वाजवत वर चढत गेलो. "बाहेर पडा, गॅस गळतोय, दिवे लावू नका, बेल वाजवू नका," असं सांगत. आमच्या इमारतीत बारा घरं आहेत. दातांचे डॉक्टर तोंडात ब्रश घेऊन बाहेर आले. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी आपल्या पोपटाचा पिंजरा घेतला आणि काकांना विसरल्या, मग परत जाऊन त्यांनाही आणलं. एकाने अग्निशमन दलाला फोन केला. मी तिसऱ्या मजल्यावरून खाली येताना आमच्या दारापाशी आलो. दार मी जाताना उघडंच टाकलं होतं. आत हात घालून चप्पल ठेवायच्या कपाटावरून मी वही उचलली आणि जीव मुठीत धरून खाली धावलो.

दहा मिनिटांत सगळी इमारत समोरच्या फुटपाथवर उभी होती. अंगावर असेल त्या कपड्यांत, दात न घासलेली, एकमेकांकडे न बघणारी माणसं. अग्निशमन दलाची लाल गाडी घंटा वाजवत आली. खिडकीवर भेटलेले साहेब हेल्मेट घालून उतरले, माझ्याकडे बघून त्यांनी ओळखीचं डोकं हलवलं, आणि हातातलं यंत्र घेऊन आमच्या पांढऱ्या पिकअपखाली सरपटत शिरले. सगळे श्वास रोखून होते. मी लोकांना अजून दोन पावलं मागे सरकवत होतो. तेवढा माझा मान त्या सकाळी होता, तो मी पूर्ण भोगला.

तेव्हा आमच्या गॅलरीचं दार उघडलं. बायको बाहेर आली. केस ओले होते, खांद्यावर टॉवेल होता. तिने खाली बघितलं: लाल गाडी, सगळी इमारत, काखेत वही धरून मधोमध उभा असलेला मी.

"अहो," ती वरून म्हणाली, "शेगडीचं बटण चालू ठेवून कुठे गेलात? घरभर गॅस झाला होता. मी बंद केलाय. खिडक्याही उघडल्यात."

फुटपाथवर कुणी काही बोललं नाही. काकूंच्या पोपटाने मात्र काहीतरी म्हटलं.

मी हसू बघितलेला माणूस आहे. सव्वीस वर्षं ऑफिसात लोक माझ्या छत्रीला, माझ्या दोन कुलपांना आणि रबरी तळाच्या बुटांना हसले आहेत. त्यामुळे लोक हसायला लागले त्याचं मला काही वाटलं नाही. वर बघत असताना माझ्या डोक्यात आपोआप फाइल तयार झाली. बंद खिडक्या. आत गॅस. अंघोळीहून आलेली बाई. रोजच्या सवयीने ती स्वयंपाकघरात जाते आणि आधी दिवा लावते. तिने दिवा लावला नाही, कारण उजाडलं होतं. आमच्या स्वयंपाकघराला पूर्वेची खिडकी आहे, एवढंच. मी फुटपाथच्या कडेवर बसलो.

अग्निशमन दलाच्या साहेबांनी घरात येऊन शेगडी तपासली आणि टेबलावर फॉर्म पसरला. पहिला प्रश्न त्यांनी मोठ्याने वाचला.

"घटनेच्या वेळी आपण काय करत होता?"

"चहा," मी म्हणालो.

"आणि मग?"

"मग काही नाही."

ते गेल्यावर बायकोने शेगडी पुसली. पातेल्यातलं पाणी ओतून दिलं. चहा केला नाही. मग माझ्यासमोर बसली.

"अकरा दारं वाजवलीत तुम्ही," ती म्हणाली.

"हो."

"आपल्या दारापर्यंत आला होतात?"

"हो."

"वही घेतलीत."

"हो."

"आत मी आहे हे आठवलं नाही?"

याचं सोयीचं उत्तर कसं द्यायचं हे मला चांगलं ठाऊक होतं. अशी उत्तरं मी हजारोंनी वाचली होती आणि लाल पेनने कापली होती. 'मला वाटलं ती आधीच बाहेर पडली असेल.' 'मी हाक मारली होती, पाण्याच्या आवाजात ऐकू गेली नसेल.' पण तिच्या ओल्या केसांतून पाणी टेबलावर ठिबकत होतं आणि माझ्याने एकही वाक्य पुरं होईना.

"नाही आठवलं," मी म्हणालो.

ती रागावली नव्हती. रागावली असती तर मला फार बरं वाटलं असतं. तिने उठून भावाला फोन लावला. "गाडीचं तूच बघ," ती म्हणाली. "कुठलीही घे. सकाळची फेरीही तूच मार. यांना नाही जमत." मी तिथेच बसलेलो आहे हे तिला माहीत होतं. ती बाजूलाही गेली नाही.

मी वही उघडली. बघायचं असं काही नव्हतं, नजर कुठेतरी ठेवायची होती. त्रेचाळीस आणि एक्केचाळीस. टायर, टाकी, चढ, धूर, समिती, उंदराने वायर कुरतडणे, माझी कंबर. ज्या बाईच्या कामासाठी ही गाडी घ्यायची होती, ती तीन आठवड्यांच्या त्या चौऱ्याऐंशी नोंदींत एकदाही नव्हती. गाडीत शेजारी कोण बसणार, चढावर उतरून चाकाला दगड कोण लावणार, धूर कुणाच्या नाकात जाणार, काही नाही. मला फार लाज वाटली. मी वही मिटली आणि चप्पल घातली.

"कुठे?" तिने विचारलं.

"गाडी परत करायची आहे," मी म्हणालो. ते अर्धं खरं होतं.

शोरूमच्या बाईने फॉर्म पुढे केला. 'इंजिनाचा प्रकार' असा चौकोन होता. मी पेन टेकवलं. उचललं, परत टेकवलं; कागद उडत असेल म्हणून तिने पंखा बंद केला. मी विचार केला तो वहीतून नाही केला. चादरी पांढऱ्या राहायला हव्यात, चौदा वर्षांनी गाडी जुनी होईल तेव्हाही. चढावर दमली तर दोन फेऱ्यांत शंभर-शंभर नेऊ, मी अर्धा तास आधी उठेन. आणि गॅस तर आमच्या घरात चोवीस वर्षं आहे. एवढ्या वर्षांत त्याच्यापासून एकदाच धोका झाला, आणि तो गॅसचा नव्हता, माझा होता. मी लिहिलं, 'गॅस'. अक्षर वाकडं आलं, पण वाचता येत होतं.

मेहुण्याला मीच फोन केला. तो म्हणाला, "भाऊजी, पत्राचं काय?"

पत्र दुसऱ्या दिवशी आलं. अग्निशमन दलाचं, शिक्क्यासकट. 'सदर गॅसचलित वाहनाची तपासणी केली असता कोणतीही गळती आढळली नाही. वाहन सुरक्षित. घटनेचं कारण: दुसऱ्या मजल्यावरील गृहस्थांचा निष्काळजीपणा.' समितीला इमारतीखाली गॅसची गाडी ठेवायला हवं होतं तेच पत्र. सेक्रेटरींनी ते नियमाप्रमाणे फलकावर लावलं, जिन्याच्या पायथ्याशी, डोळ्यांच्या उंचीवर. नियम क्रमांक बावीस, तोही माझाच. आमच्याकडे येणारा प्रत्येक माणूस अजून तिथे थांबून वाचतो आणि मगच वर येतो.

पावती मी आदल्याच संध्याकाळी बायकोसमोर ठेवली होती.

"गॅस?" ती म्हणाली.

"गॅस."

"घाबरत नाही?"

"घाबरतो. खूप घाबरतो."

तिने पावती उलटसुलट बघितली. "पहिले आठ दिवस मी शेजारी बसेन," ती म्हणाली. "मग ठरवेन. भाऊ तोवर गाडी घेऊन तयार राहील."

एक तारखेला पावणेसहाला आम्ही शंभर चादरी भरल्या. मेहुणा आपली डिझेलची पिकअप घेऊन कोपऱ्यावर उभा होता, सहज आल्यासारखा. त्याने ताडपत्रीही आणली होती. मी वही डॅशबोर्डवर ठेवली, आरसा नीट केला, पट्टा लावला, तिचा पट्टा लागला का ते बघितलं, परत एकदा बघितलं.

"चला," ती म्हणाली.

गाडी चांगली चालली. पंचवीसच्या वेगापर्यंत मी गेलो. बायको समोर बघत होती, मांडीवर हात ठेवून. अजून ती माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. सिग्नलला थांबलो. काच खाली होती. आणि वास आला.

पुढचं मी विचार करून केलं नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. मी पट्टा सोडला, उतरलो, पुढून धावत तिच्या बाजूला गेलो, दार उघडलं, तिचा पट्टा सोडला आणि तिला हाताला धरून रस्ता ओलांडून पलीकडे नेलं, एका बंद दुकानाच्या भिंतीआड. तिची एक चप्पल गाडीत राहिली. मागे हॉर्न वाजायला लागले. मी तिच्यापुढे उभा राहून गाडीकडे बघत होतो.

सिग्नलच्या कोपऱ्यावर एक खानावळ उघडत होती. पायरीशी एक बाई गॅसच्या शेगडीपुढे बसून काडी ओढत होती. तिसऱ्या काडीला शेगडी पेटली आणि वास गेला. बाईने आमच्याकडे बघितलं आणि शेगडीवर पाणी ठेवलं.

आमच्या मागचा रिक्षावाला उतरून आमच्या गाडीची उघडी दारं बघत होता. पहिल्याच दिवशी, भर रस्त्यात, सगळ्यांसमोर. मेहुण्याची पिकअप चार गाड्या मागे दिसत होती.

बायको एका पायावर उभी होती. तिने आपला दुसरा पाय माझ्या बुटावर टेकवला. मग तिने खाली बघितलं. मी तिचं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की तिच्या बांगडीचा वळ उठला होता, आणि मी अजून सोडलं नव्हतं.

"वही?" तिने विचारलं.

मी माझ्या काखेत बघितलं, मग दुसऱ्या हातात.

"गाडीतच राहिली," मी म्हणालो.

ती हसली, पंख्याखाली हसली होती तशीच.

"चला," ती म्हणाली, "चादरींना उशीर होतोय. आणि हात सोडा आता, नाहीतर चालवणार कसं?"